मल्टिप्रोसेस मशिनवर मिग वेल्डला वारंवार भोके पडत असतील तर

लक्षणे

मिग (सतत पुढे येणाऱ्या वायरीने, बहुधा गॅसच्या आवरणात वेल्ड करणे), टिग (टंगस्टनच्या टोकाने वेल्ड करणे) आणि रॉड (लेप असलेल्या काडीने वेल्ड करणे) ही तिन्ही कामे करणाऱ्या मशिनवर मिगने टाकलेल्या बीडमध्ये, म्हणजे वेल्डच्या रेघेत, टाचणीच्या टोकाएवढ्या पिनहोलपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या भोकांपर्यंत काहीही दिसू लागणे, हे या बिघाडाचे मुख्य लक्षण आहे. बहुतेक वेळा बीडच्या कडेला तपकिरी-काळी काजळी धरते, स्पॅटर (वितळलेल्या धातूचे थेंब) एरवीपेक्षा जास्त उडतो आणि सलग चरचरणारा आवाज जाऊन थांबून थांबून फटफट येऊ लागते. कधी वरून बीड निर्दोष दिसतो आणि ग्राइंडर फिरवल्यावर आतली पोकळी उघडी पडते. हा प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण एकदा रंग मारला की तो कुणालाच दिसत नाही. आणखी एक लक्षण वेळेचे आहे. रॉड किंवा टिगचे काम संपवून मशीन पुन्हा मिगवर आणल्यानंतर पहिल्या काही मिनिटांतच भोके सुरू होतात, कुणीतरी काहीतरी हलवल्यावर ती थांबतात आणि आठवड्याभरात पुन्हा तीच तक्रार उभी राहते.

गेली चौदा वर्षे मी कोल्हापूर-सांगली भागातल्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये मशिने बसवून देण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. गळीत हंगाम तोंडावर आला की ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या दुरुस्तीसाठी रांगेने उभ्या राहतात आणि त्याच दिवसांत ही तक्रार सर्वाधिक येते, कारण तेव्हा एकाच मशिनवर सकाळी जाड चॅनलला रॉड, दुपारी पत्र्याला मिग आणि संध्याकाळी स्टेनलेसच्या रेलिंगला टिग असे चाललेले असते. "बोर्ड गेलाय बघा मिस्त्री, तेवढा बदलून द्या," असे सांगून मशीन माझ्यासमोर ठेवले जाते. मशिनच्या आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड क्वचितच गेलेला असतो. प्रक्रिया बदलताना पोलॅरिटी (टॉर्च प्लसला की मायनसला), गॅस, वायरीच्या मार्गातले भाग आणि पॅनेलवरची सेटिंग अशा चार गोष्टी बदलाव्या लागतात. त्यांतल्या तीन आठवणीने बदलल्या जातात, चौथी राहते आणि दोष मशिनवर येतो.

भोके का पडतात, हे एकदा समजून घेतले की पुढची प्रत्येक तपासणी सोपी होते. वितळलेले पोलाद हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन शोषून घेते. धातू गोठू लागला की त्यात तेवढा वायू विरघळलेला राहू शकत नाही, तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू पाहतो आणि वरचा थर आधीच घट्ट झालेला असल्यामुळे आत अडकतो. म्हणजेच वितळलेल्या धातूपर्यंत हवा पोहोचली किंवा जॉबवरच, म्हणजे वेल्ड करायच्या तुकड्यावरच, वायू सोडणारी घाण होती, यांपैकी एक कारण जवळजवळ नेहमीच सापडते.

हात लावण्यापूर्वी

जोडण्या बदलण्याआधी मशीन पुढच्या स्विचने नव्हे, तर भिंतीवरच्या मेन स्विचने बंद करावे. मिगच्या टॉर्चला (हातात धरायच्या भागाला) ट्रिगर असतो, त्यामुळे ट्रिगर सोडल्यावर सर्व काही बंद झाले, अशी सवय लागते. रॉडच्या मोडमध्ये मात्र मशीन चालू केल्याच्या क्षणापासून रॉड धरणारा होल्डर जिवंत असतो, आणि काही मशिनमध्ये त्याच वेळी मिगच्या टॉर्चमधून बाहेर आलेली वायरही जिवंत असते. ती जॉबला टेकली तर ठिणगी पडते आणि ओल्या हाताला लागली तर झटका बसतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभे राहून काम करणाऱ्यांनी कोरडे हातमोजे, रबरी तळाचे बूट आणि पायाखाली लाकडी फळी यांत तडजोड करू नये. चाचणीचा बीड दोनच सेकंदांचा असला तरी काच तोंडावर घेतल्याशिवाय आर्क (विजेची प्रखर ज्योत) मारू नये. शंभर ते दीडशे अँपिअरच्या मिगसाठी १० किंवा ११ शेडची काच लागते. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते ती अशाच 'दोन सेकंदांच्या' आर्कांमुळे.

पहिली तपासणी: भोकांकडे नीट पाहणे

हिला एक पैसाही लागत नाही आणि तरीही हीच सर्वाधिक वेळा टाळली जाते. एक स्वच्छ घासलेला, ५ किंवा ६ मिलिमीटरचा पट्टीचा तुकडा घ्यावा, त्यावर हातभर लांबीचा एकच बीड टाकावा आणि तो गार झाल्यावर उजेडात धरून पाहावा.

भोके फक्त बीडच्या सुरुवातीला असतील आणि पुढे बीड चांगला असेल, तर गॅस उशिरा पोहोचतो आहे. फक्त शेवटच्या खळग्यात असतील, तर वेल्डर ट्रिगर सोडताच टॉर्च उचलतो आहे आणि मागून येणारा गॅस वाया जातो आहे; अशा वेळी टॉर्च एक-दोन सेकंद जागेवर धरून ठेवणे एवढाच उपाय आहे. एका विशिष्ट जागीच भोके येत असतील आणि तुकडा बदलल्यावर नाहीशी होत असतील, तर दोष जॉबच्या पृष्ठभागात आहे. बीडभर सारखी पसरली असतील, तर गॅस अजिबात पोहोचत नाही किंवा मशीन चुकीच्या पोलॅरिटीवर आहे. आणि भोके येत-जात असतील, म्हणजे पाच बीड चांगले आणि सहावा जाळीसारखा, तर आधी पंखा पाहावा.

दुसरी तपासणी: वारा

ट्रॉलीच्या साट्याखाली काम करणाऱ्याला ऑक्टोबरच्या उकाड्यात पेडेस्टल पंखा हवाच असतो, हे मला मान्य आहे. परंतु वारा ताशी सात-आठ किलोमीटरच्या वर गेला की नोझलभोवतीचे (टॉर्चच्या तोंडावरच्या नळीभोवतीचे) गॅसचे आवरण फाटते, आणि पंख्याचा झोत त्याहून कितीतरी जोरात असतो. पंखा बंद करून एक बीड टाकून पाहावा. भोके थांबली, तर पंखा अशा बाजूला वळवावा की धूर तोंडापासून दूर जाईल पण झोत थेट टॉर्चवर येणार नाही. उघड्यावर, शेतात किंवा गच्चीवर काम असेल, तर पत्र्याचा आडोसा करावा, नाहीतर सरळ रॉड वापरावा. मात्र वारा नको म्हणून बंद खोलीत, खड्ड्यात किंवा टाकीत दारे लावून मिग कधीही करू नये. कार्बन डायऑक्साइड आणि आर्गॉन हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. ते तळाशी साचतात आणि माणूस गुदमरतो.

तिसरी तपासणी: पोलॅरिटी

या तपासणीवर मी सर्वाधिक भर देतो. बहुतेक मल्टिप्रोसेस मशिनच्या पुढच्या बाजूस प्लस आणि मायनस असे दोन सॉकेट असतात आणि टॉर्चच्या जोडणीजवळून एक आखूड, हातभरही नसलेली केबल लोंबत असते. मिगच्या टॉर्चला प्लस मिळणार की मायनस, हे ती आखूड केबल ठरवते. रॉड किंवा टिगसाठी ती काढून ठेवली जाते आणि परत लावताना जो सॉकेट रिकामा दिसेल त्यात बसवली जाते.

एका वर्कशॉपमध्ये मी गेलो तेव्हा तेथील मुलाने गॅस वाढवत वाढवत मिनिटाला २५ लिटरवर नेला होता, टिप (वायर जिच्यातून बाहेर येते ती तोटी) दोनदा बदलली होती आणि बीड तरीही पत्र्यावर दोरी ठेवल्यासारखा उंच उभा होता. मी वाकून पाहिले, तर आखूड केबलचा काळा प्लग मायनसमध्ये होता आणि अर्थ क्लॅम्प (जॉबला लावायचा चिमटा) प्लसमध्ये. आदल्या दिवशी शेतावर जाऊन त्याने बिनगॅसच्या वायरीने (जिच्या आत फ्लक्स म्हणजे संरक्षक भुकटी असते) काम केले होते. परत आल्यावर वायरीचा स्पूल बदलला, सिलिंडर जोडला, पण प्लग तसाच राहिला. दोन्ही प्लग अदलाबदल करून पाव फेरा घट्ट फिरवल्यावर पहिलाच बीड चपटा आणि स्वच्छ आला.

म्हणून हे पाठच करून ठेवावे. गॅससह वापरायच्या साध्या वायरीसाठी, म्हणजे आपल्याकडे नेहमी मिळणाऱ्या तांब्याचा मुलामा असलेल्या ईआर ७०एस-६ वायरीसाठी, टॉर्च प्लसला आणि अर्थ मायनसला असतो. ई ७१टी-११ सारख्या बिनगॅसच्या फ्लक्सवाल्या वायरीसाठी टॉर्च मायनसला आणि अर्थ प्लसला असतो. ही वायर प्लसवर चालवली की भोके आणि स्पॅटर दोन्ही वाढतात. गॅससह चालणारी फ्लक्सवाली वायर वेगळी असते आणि ती साधारणपणे प्लसवर चालते, म्हणून स्पूलवरचे लेबल वाचल्याशिवाय ठरवू नये. टिगचा टॉर्च पोलाद आणि स्टेनलेससाठी मायनसला असतो. तो चुकून प्लसला लागला, तर टंगस्टनचे टोक डोळ्यांदेखत वितळून गोळा होते. रॉडपैकी ६०१३ दोन्हीवर चालतो, ७०१८ मात्र प्लसवर लावावा.

याच वेळी दोन्ही प्लगना हात लावून पाहावा, अर्थातच मेन स्विच बंद करून. काम थांबवल्यानंतर लगेच एखादा प्लग चटका बसेल इतका गरम लागला, तर तो सैल बसलेला आहे. अर्थ क्लॅम्पही पाहावा. तो रंगावर किंवा गंजावर लावलेला असेल, तर आर्क धरसोड करतो आणि त्यासोबत सर्व काही बिघडते. क्लॅम्प घासलेल्या धातूवर, वेल्डच्या शक्य तितक्या जवळ लावावा. ट्रॉलीच्या चाकावर किंवा धुऱ्यावर लावू नये, कारण मग प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होते.

चौथी तपासणी: जॉब आणि वायर

गंज, तेल, जुना रंग, प्रायमर आणि ओल यांपैकी प्रत्येक गोष्ट आर्कखाली वायू सोडते. वेल्डच्या दोन्ही बाजूंनी इंचभर पट्टा ग्राइंडरने चकचकीत करावा. तेलकट जॉब पुसायला ब्रेक क्लीनरसारखे क्लोरीनयुक्त द्रावण कधीही वापरू नये. त्याच्या वाफेवर आर्कचा प्रकाश पडला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपवरील जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी, आणि म्हणूनच त्या पाइपवर भोके पडतात. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डच्या जागेवरचा जस्ताचा थर आधी काढावा, मोकळ्या हवेत काम करावे आणि धुरासाठीचा मास्क लावावा.

पावसाळा संपल्यावर स्पूलही तपासावा. उघडा राहिलेला स्पूल दोन महिन्यांत तांबूस-करडा होतो, आणि तो गंज वायरीबरोबर थेट वितळलेल्या धातूत जातो. वरचे चार-पाच वेढे काढून टाकल्यावर आतली वायर स्वच्छ असेल, तर काम भागते. नसेल, तर तो स्पूल महत्त्वाच्या जोडासाठी वापरू नये. काम नसताना स्पूल प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा.

पाचवी तपासणी: नोझल, टिप आणि अंतर

नोझल हाताने ओढून काढावे आणि आत पाहावे. स्पॅटरचे कडे जमले असेल, तर गॅस एका बाजूने तिरका बाहेर येतो आणि दुसऱ्या बाजूने हवा आत ओढली जाते. ते पक्कडीने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने काढून टाकावे. टॉर्च जॉबवर आपटून साफ करण्याची सवय मोडावी, कारण त्याने गॅस पसरवणारा डिफ्यूझर आणि त्यावरचे इन्सुलेटर तडकते. डिफ्यूझरची बारीक छिद्रे उघडी असल्याची खात्री करावी. टिपपासून बाहेर आलेली वायर १० ते १२ मिलिमीटर असावी. काच काळी, जागा अडचणीची, हात थकलेला, अशा वेळी हे अंतर नकळत २५ मिलिमीटरवर जाते आणि गॅसचे आवरण जॉबपर्यंत पोहोचतच नाही. टॉर्च फार आडवा धरल्यानेही हेच होते.

सहावी तपासणी: गॅस

सर्वप्रथम सिलिंडर कोणता जोडला आहे, हे पाहावे. टिगसाठी शुद्ध आर्गॉन लागतो आणि साध्या पोलादाच्या मिगसाठी कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉनमध्ये तो मिसळलेला वायू लागतो. आपल्याकडे आर्गॉनचा सिलिंडर निळा आणि कार्बन डायऑक्साइडचा काळा असतो, पण जुन्या सिलिंडरचा रंग उडालेला असतो, म्हणून लेबल वाचावे. शुद्ध आर्गॉनवर पोलादाचा मिग चालतो असे वाटते, परंतु आर्क भटकतो आणि बीडच्या कडा कापल्या जातात. उलट टिगला कार्बन डायऑक्साइड लागला, तर टंगस्टन क्षणात जळते. व्हॉल्व्ह टॉर्चवरच असलेल्या टिग टॉर्चची नळी थेट सिलिंडरवरच्या रेग्युलेटरला जोडलेली असते. ती काढून मशिनच्या मागची नळी परत जोडायची राहून जाते, आणि सिलिंडर भरलेला असूनही मिगला गॅस मिळत नाही.

सिलिंडरवरच्या काट्यावर विसंबू नये, असे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो. आर्गॉन सिलिंडरमध्ये वायुरूपात असतो, त्यामुळे दाब जसा उतरतो तसा गॅस संपत जातो. कार्बन डायऑक्साइड मात्र आत द्रवरूपात असतो आणि २० अंश तापमानाला सुमारे ५७ बार दाब दाखवतो. शेवटचा द्रव संपेपर्यंत काटा फारसा हलत नाही आणि नंतर एकदम कोसळतो. म्हणून तो सिलिंडर वजन करून तपासावा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या मानेवर कोरलेले असते. एक किलो द्रवापासून साधारण ५४० लिटर वायू मिळतो, म्हणजे मिनिटाला १२ लिटर प्रवाह असेल, तर सुमारे पाऊण तास पुरतो. सिलिंडर नेहमी उभा आणि साखळीने बांधलेला असावा; आडवा ठेवला तर द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो.

प्रवाह ०.८ मिलिमीटर वायरीला मिनिटाला १० ते १२ लिटर आणि १.२ मिलिमीटरला १५ लिटरच्या आसपास पुरतो. भोके दिसली की गॅस वाढवण्याकडे हात जातो, परंतु २० लिटरच्या पुढे नोझलमधून निघणारा गॅस घुसळतो आणि स्वतःच हवा आत ओढून घेतो. खरा प्रवाह नोझलवर मोजावा. वायर पुढे ढकलणाऱ्या रोलरचा दाब देणारी कळ सोडून वायर मोकळी करावी, टॉर्च जॉबपासून लांब धरावा, ट्रिगर दाबावा आणि नोझलवर फ्लोमीटरची (प्रवाह मोजणाऱ्या साधनाची) नळी टेकवून गोळी किती वर जाते ते पाहावे. रेग्युलेटरवर १२ आणि नोझलवर ५ दिसत असेल, तर मधे कुठेतरी गळती आहे. कार्बन डायऑक्साइडच्या रेग्युलेटरवर बर्फ धरला असेल, तर त्याला जोडलेला हीटर तापत नाही. अनेक मशिनच्या मागे ३६ व्होल्टचा सॉकेट असतो, आणि त्यात २३० व्होल्टचा हीटर लावला तर तो गरमच होत नाही. गोठलेल्या रेग्युलेटरवर ज्योत कधीही धरू नये; व्हॉल्व्ह बंद करून तो आपोआप सुटू द्यावा.

गळतीसाठी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून काटा पाहावा. पाच मिनिटांत तो उतरला, तर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. मला गळती सर्वाधिक वेळा टॉर्च जिथे मशिनमध्ये शिरतो तिथल्या ओ-रिंगमध्ये (रबरी कड्यात) सापडते. टॉर्च वारंवार काढ-घाल केल्याने ती चिरते. नखाने उचलून पाहिल्यावर केसाएवढी चीर दिसते, आणि काही रुपयांची ही रिंग बदलली की बिघाड संपतो.

सातवी तपासणी: रोलर आणि लायनर

फ्लक्सवाल्या वायरीला दातेरी रोलर आणि साध्या वायरीला गुळगुळीत व्ही-खाचेचा रोलर लागतो. दातेरी रोलर राहून गेला, तर तो तांब्याचा मुलामा खरवडतो, भुकटी लायनरमध्ये (टॉर्चच्या केबलमधल्या वायरीच्या नळीत) साचते, वायर धक्के देत पुढे येते आणि आर्कची लांबी सतत बदलत राहते. रोलरखाली तांबूस भुकटी दिसली, तर लायनर काढून कोरड्या हवेने साफ करावा किंवा बदलावा. टिपचे भोक वायरीच्याच मापाचे हवे.

इथे थांबावे

इथवर सर्व तपासूनही बीडला भोके येत असतील, तर मशीन उघडू नये. ट्रिगर दाबल्यावर गॅसच्या व्हॉल्व्हचा 'टक' असा आवाज येत नसेल, तर बिघाड व्हॉल्व्हचा किंवा त्याला सप्लाय देणाऱ्या सर्किटचा आहे आणि तो शोधण्यासाठी आतल्या भागात मोजमाप करावे लागते. सिंगल फेजच्या इन्व्हर्टरमध्ये आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञच हवा. मशिनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येणे, अर्थ लीकेजचा ब्रेकर वारंवार पडणे, जळका वास येणे किंवा प्लग वितळणे, यांपैकी काहीही झाले, तर वीज तोडून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. ब्रेकर मोठा बसवून काम पुढे रेटू नये. सिलिंडरचा व्हॉल्व्हच गळत असेल किंवा मानेवरच्या चाचणीची मुदत संपली असेल, तर तो गॅस पुरवठादाराकडे परत करावा. त्याला पान्याने आवळत बसू नये.

जोडाबाबतही एक मर्यादा पाळावी. भोके असलेल्या बीडवरून दुसरा बीड फिरवल्याने आतली पोकळी भरत नाही. ती ग्राइंडरने चांगला धातू लागेपर्यंत काढूनच नवा बीड टाकावा. ट्रॉलीचा हूक, धुरा, जिन्याचा मुख्य आधार अशा माणसांचा जीव ज्यावर अवलंबून आहे त्या जोडात भोके निघाली, तर अनुभवी वेल्डरकडून ते काम करवून घ्यावे आणि तपासून घ्यावे. डिझेलची टाकी, जुने पिंप, कॉम्प्रेसरची टाकी यांना स्वतः हात लावू नये.

तंत्रज्ञाकडे मशीन नेताना सोबत टॉर्च, अर्थ क्लॅम्प आणि वापरातला रेग्युलेटर न्यावा, नुसता डबा नेऊ नये. बिघाड होण्याआधी शेवटचे काम कोणत्या मोडवर झाले, वायर कोणती होती आणि प्लग कोणत्या सॉकेटमध्ये होते, हे कागदावर लिहून द्यावे. शक्यतो प्लग काढण्याआधीच मशिनच्या पुढच्या बाजूचा फोटो काढून ठेवावा, आणि भोके पडलेला तुकडा फेकून न देता तोही पिशवीत घालून आणावा.